पहिला तिरपा

राजाने बहिणीला फोन करून बोलावलं, आणि तो फोनही स्वतः केला नाही. ऑफिसातल्या मुलीला करायला लावला. "सरांनी विचारलंय, आज दुपारी येणं जमेल का," असं त्या पोरीने अदबीने विचारलं, तेव्हा ताईला आधी कळेचना की सर म्हणजे कोण. कळल्यावर ती पोटभर हसली. लहानपणी ज्याचं नाक ती स्वतःच्या फ्रॉकने पुसायची, तो आता सर झाला होता.

"येते म्हणावं," ती म्हणाली. "आणि रुमाल जवळ ठेव म्हणावं. मी आता फ्रॉक घालत नाही."

खरं तर कॉलरच्या भांडणानंतर तिने घरच्या दुकानाच्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता. तिरप्याच्या, म्हणजे दुकानाच्या त्या नावाजलेल्या कोटाच्या कॉलरला आतून हाताने टाके घालायचं बंद करून राजाने ती गरम इस्त्रीने चिकटवायला सुरुवात केली, तेव्हा ताईने भर मीटिंगमध्ये तो कोट टेबलावर आपटला होता. "हा कोट नाही, पाकीट आहे. तिकीट लावा आणि टपालात टाका," असं म्हणून ती जी बाहेर पडली ती पडलीच. तेव्हापासून ती एका नाटक कंपनीचे कपडे शिवत होती. राजे, भिकारी, भुतं, सगळ्यांची मापं तिच्याकडे. त्यातले राजे निदान पडदा पडल्यावर मुकुट काढून ठेवतात, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

पण या खेपेचा मामला वेगळा होता. शहरातलं मोठं संग्रहालय तिरप्या कोटासाठी एक अख्खं दालन देणार होतं, आणि मधोमध काचेच्या पेटीत पहिला तिरपा उभा राहणार होता. पेपरात ते वाचलं त्याच सकाळी ताईने मनाशी ठरवलं होतं, की त्या भिंतीवर काकांचं नाव लागलं पाहिजे. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. तिला कात्री धरायला शिकवली ती त्यांनी. आणि तिरपा कोणाच्या डोक्यातून आणि कोणाच्या हातातून उतरला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत मात्र कोणीच नव्हतं.

खाली दुकानात शिरताच बाबांचा फोटो समोर आला. भिंतभर उंच. बाबा हातात कात्री धरून दूरवर कुठेतरी बघत होते, आणि खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: वाऱ्याने बेतलेला कोट. बाबांच्या हातातली कात्री काकांसारख्या डावखुऱ्या माणसाची होती. बाबा उजवे होते. इतकी वर्षं फोटो टांगलेला असून कोणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. कारण त्या दुकानात आता कात्री ओळखणारं कोणी उरलं नव्हतं.

तिरपा माहीत नाही असं माणूस आता शोधूनही सापडायचं नाही. डाव्या खांद्यावरून निघून उजव्या कंबरेपर्यंत तिरपा येणारा पदर, तिथे एकच मोठं बटण, आणि डाव्या खांद्यावर कोपरापर्यंत उतरणारी ती रुंद झूल. पाठीला मधोमध शिवण नाही, एक आडवी गेलेली चुणी आहे. आधी कारकून बायकांनी तो घातला, मग एका गाणाऱ्या बाईने तो रंगमंचावर घातला आणि काढलाच नाही, मग वकिलिणींनी घातला, मग मोर्च्यांत दिसला, मग मोर्चे पांगवायला आलेल्या साहेबांच्या बायकांच्या अंगावर दिसला. एका काळात त्याला उश्यांएवढे खांदे आले, एका काळात तो चकचकीत प्लास्टिकचा झाला, आणि मधल्या काही वर्षांत तर राजाने कुत्र्यांसाठीही छोटे तिरपे काढले होते. ताईच्या मते त्या सगळ्यांत कुत्रेच जरा बरे दिसायचे. पण डाव्या खांद्यावर एवढं कापड कशासाठी, हा प्रश्न यांपैकी कोणालाही पडला नाही.

दुकानाकडे याचं उत्तर होतं. जाहिरातवाल्यांनीच ते करून दिलं होतं. बाबा म्हणे एकदा पुलावर उभे होते. सोसाट्याचा वारा होता. एक बाई अंगाभोवती पांघरूण लपेटून वाऱ्याशी झगडत चालली होती, आणि बाबांना त्या क्षणी तिरपा दिसला. ताईच्या आठवणीत बाबा वारा सुटला की खिडक्या लावून कानात कापूस घालून बसायचे.

वर बेतकामाच्या खोलीत फारसं काही बदललं नव्हतं. लांबच लांब टेबल, उंच खिडक्या, वाफेचा आणि ओल्या लोकरीचा वास. शेवटच्या खिडकीशी काका बसले होते. पाठ खोलीकडे, मान खाली, हातात काज. महागाच्या कोटांची काजं अजून हाताने व्हायची, आणि ती काकाच करायचे. पाहुणे आले की राजा त्यांना दुरून दाखवायचा, "आमचे सगळ्यात जुने कारागीर." सख्खा काका म्हणून त्याने त्यांची ओळख कधी करून दिली नव्हती.

"आलीस?" काका मागे न बघता म्हणाले. "जिना चढताना धापा टाकतेस. वजन वाढलंय."

"तुमचे कान अजून शाबूत आहेत म्हणायचे."

"कानांचं काय, ते दोन्ही सारखे आहेत."

ताई हसली. त्यांच्याशी ती इतपतच प्रेमाने बोलू शकायची, आणि तेही तिच्याशी इतपतच.

टेबलाच्या टोकाशी राजा उभा होता, इस्त्री मोडू नये म्हणून श्वास जपून घेत असल्यासारखा. शेजारी त्याची मुलगी चिमणी. परदेशात कपड्यांचं शिक्षण घेऊन आलेली, खिशात सदानकदा मोजपट्टी. दोघांच्या मधे संग्रहालयाने पाठवलेला पुतळा होता, आणि पुतळ्याच्या अंगावर पहिला तिरपा.

ताईने तो इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. राखाडी लोकर अजून दाट होती. पण कोट पुतळ्याच्या अंगावर बसला नव्हता, अडकला होता. डावा खांदा ओढला गेला होता, कॉलर मानेपासून सुटली होती, आणि पाठीत डाव्या बाजूला रिकामा फुगा उभा राहिला होता.

"बघ ना," राजा म्हणाला. नमस्कार नाही, बस नाही, पाणी नाही. "पेटीत राहून राहून आकसलाय. त्या संग्रहालयाच्या बाई चहाच्या वेळेला येतील. त्यांनी आत्तापर्यंत फक्त फोटो पाहिलेत, तेही समोरून. हा असा दिला तर लोक म्हणतील, पहिलाच कोट बिघडलेला."

"मग?"

"खांदा उसवून वर घ्यायचा. पाठीतलं जास्तीचं कापड काढायचं. खूण राहता कामा नये. तसं काम आता इथे कोणाला जमत नाही."

"का? डिंक संपला?"

पुढचं वाक्य राजा घरून पाठ करून आला असावा. "ताई, मी मान्य करतो, की तुझ्याइतका हात कोणाचा नाही. म्हणून तर बोलावलं."

"बोलावलं तुझ्या ऑफिसातल्या पोरीने."

"बाबांच्या नावासाठी तरी करशील का?"

"बाबांचं नाव!" ताई म्हणाली. "राजा, बाबांनी आयुष्यात एक पायजमा शिवला होता. त्याचा एक पाय दुसऱ्याहून लांब होता आणि तो त्यांनी देणगी म्हणून देऊन टाकला."

चिमणीला हसू फुटलं. राजाने तिच्याकडे पाहिलं तशी ती पुतळ्यामागे सरकली. पण तिथून तिचा आवाज आला.

"पप्पा, हा आकसलेला नाहीये."

"तू मधे बोलू नकोस."

"अहो, खरंच. मी सकाळी मापं घेतली. लोकर आकसली तर सगळीकडे आकसेल ना? याचा डावा खांदा कापतानाच खाली घेतलाय. मुद्दाम. आणि पाठीत जागा सोडलीये, ती झाकायला वरून झूल." ती पुतळ्याआडून बाहेर आली. "आत्या, हा बाईसाठी बेतलेला कोटच नाही. कोणाचा आहे हा?"

हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून ताई इतकी वर्षं थांबली होती. राजाने हात वर केला, जणू वाहनं थांबवतोय. ताईने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"तुझ्या आजोबांच्या धाकट्या भावाचा," ती म्हणाली. "तो बघ, तिथे बसलाय. सगळ्यात जुना कारागीर. लहानपणच्या दुखण्याने पाठ वाकली आणि एक खांदा उतरला. थोरल्या भावाच्या लग्नात चारचौघांत उभं राहायचं होतं, म्हणून त्याने स्वतःसाठी हा कोट बेतला. झूल आली ती पोक झाकायला, चुणी आली ती पाठीची रेघ मोडायला. लग्नात कोणाला पाठ दिसलीच नाही, सगळ्यांना कोट दिसला. ही तुमची वाऱ्याची गोष्ट. पूल नाही, बाई नाही, वारा नाही. होता तो एक पोक आलेला माणूस, आणि त्याचं डोकं तुमच्या सगळ्या खानदानाहून सरळ होतं."

चिमणीने खिडकीकडे पाहिलं, मग कोटाकडे, मग परत खिडकीकडे. तिच्या चेहऱ्यावर उमटलेलं ते समजणं बघून ताईला आत कुठेतरी गोड वाटलं.

"आणि आज चहाच्या वेळेला मी त्या बाईंनाही हेच सांगणार आहे," ती राजाला म्हणाली. "भिंतीवर काकांचं नाव लागेल. उसवायचं तर राहू दे, एका टाक्यालाही हात लावू देणार नाही."

"मला विचारलंस?"

काका उठून उभे राहिले होते. काजाचं कापड अजून हातात होतं. त्यांनी ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि टेबलाला धरत धरत पुढे आले.

"काका, मी तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी!" ते म्हणाले. "माझं पोक काचेच्या पेटीत ठेवणार, ते माझ्यासाठी? वरून दिवे सोडणार. खाली पाटी लावणार, की बघा, या माणसाची पाठ अशी होती, म्हणून कोट असा झाला. शाळेची पोरं सहलीला येतील. मागच्या बाजूला जाऊन वाकून बघतील. मास्तरीण सांगेल, मुलांनो, व्यंगावर कशी मात करावी. मात!" त्यांनी तो शब्द थुंकल्यासारखा टाकला. "जन्मभर जे झाकलं, ते तू आज त्या पोरीपुढे एका दमात उघडं केलंस. मी इथे बसलो असताना. आणि मजा आली तुला. मी पाहिलं काचेत."

खिडकीच्या काचेत सगळी खोली दिसते, हे ताई विसरली होती.

"तुमचं काम तुमच्या नावावर लागावं, एवढंच..."

"तू माझ्यासाठी भांडत नाहीस, तू राजाशी भांडतेस. काठी माझी वापरतेस. हा निदान मला लपवतो तरी. तू तर मिरवायला निघालीस."

हे ऐकून राजाचा चेहरा उजळला. नको तितका. "मी तेच म्हणत होतो. काकांचीही हीच इच्छा..."

"तू गप बस," काका म्हणाले. "तुझ्यात आणि या पुतळ्यात फरक एवढाच, की याला डोकं नाही म्हणून तो बोलत नाही." मग ताईकडे वळून त्यांनी टेबलावरचं ब्लेड तिच्यापुढे सरकवलं. "उसव."

"काका."

"उसव म्हणतो ना. खांदा सरळ कर. सगळ्यांचे असतात तसा. तो जाऊ दे तिकडे, आणि मला मरू दे इथे."

ताईने कोट पुतळ्यावरून काढला. टेबलावर उलटा पसरला. तिने आयुष्यात कितीतरी लोकांचा पाणउतारा केला होता, आणि त्यातल्या बहुतेकांची तशी लायकीही होती. पण स्वतःची लाज वाटायची तिला सवय नव्हती. तिने मान वर केली नाही. अस्तराच्या कडेला ब्लेड लावलं आणि पहिला टाका तोडला. दुसरा. अस्तर थोडं सुटलं आणि आत काकांचे टाके दिसले. तरुण हाताचे, बारीक, एका ओळीत. खांद्याखाली नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे पातळ थर एकावर एक बसवले होते, खालचा मोठा, वरचा लहान. कोणाला दिसणार नाही अशा जागी एवढं नीट काम करणाऱ्या माणसाला काय दुखणं होतं, ते आपण जगाला सांगायला निघालो होतो! तिचा हात थांबला.

"काय, जमत नाही?" काका म्हणाले. आवाजातला राग पातळ झाला होता.

"जमतंय. हात सावकाश चालतोय."

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला, आणि त्यामागून आईचा. "खाली कोणी चहा विचारत नाही मला. एवढं मोठं दुकान आणि एक खुर्ची धड नाही, सगळ्या नुसत्या बघायच्या खुर्च्या."

आई दारात उभी राहिली. तिला राजाने आणलं होतं ते संग्रहालयाच्या बाईंपुढे पुलाची गोष्ट सांगण्यासाठी. ती गोष्ट आई इतक्यांदा सांगून चुकली होती, की सांगताना आता तिला डुलकी यायची. तिने खोलीवरून नजर फिरवली. उसवलेला कोट, काकांचा चेहरा, लाल डोळ्यांची चिमणी.

"कोणी काय केलं?" तिने विचारलं.

"काही नाही आई, दुरुस्ती चाललीये," राजा घाईघाईने म्हणाला.

"आजी," चिमणी म्हणाली, "हा कोट काकाआजोबांचा आहे?"

राजाने कपाळाला हात लावला. आईने खुर्ची ओढून घेतली, बसली, काठी मांडीवर आडवी ठेवली.

"त्यांचाच आहे. तुझ्या आजोबांना दोन बाह्या एका लांबीच्या कधी जमल्या नाहीत."

"आई!" राजा ओरडला. "आत्ता, आत्ता बाई येतील..."

"येऊ दे की. तिला पूल सांगते. हिला खरं सांगते. ही घरची आहे." आई चिमणीकडे वळली. "लग्न होऊन आले आणि कडाक्याची थंडी पडली. माझ्याकडे धड गरम कपडा नाही. बाजारात जायचं होतं. हे महाशय तेव्हा माझ्याशी बोलायचेही नाहीत, नुसते मान खाली घालून काजं करायचे. पण त्या दिवशी आत गेले आणि हा कोट आणून माझ्या हातात दिला. मला पाठीत मोठा व्हायचा. तिथे मी मफलरची घडी कोंबली आणि गेले. भाजीवाल्यापाशी एका बाईने विचारलं, कुठे घेतला? कोपऱ्यावर दुसरीने विचारलं. दुकानाच्या दारात तर चौघीजणी उभ्या राहिल्या. तुझे आजोबा गल्ल्यावर होते. त्यांनी कोट पाहिला नाही की मला पाहिलं नाही. त्यांनी गिऱ्हाईक पाहिलं."

"आणि मग?"

"मग काय, त्यांनी तो माझ्या अंगावरूनच उतरवून घेतला आणि काचेत लावला. यांना सांगितलं, असेच बायकांचे बेत, खांदे सरळ ठेव. यांनी बेतले. मी मफलर कोंबला होता ना, म्हणून बाजारात गेलेला कोट तुमच्या सगळ्यांच्या मापाचा झाला."

काका तिच्याकडे बघत होते. त्यांनी जे विचारलं ते बहुधा लग्नाच्या वर्षापासून विचारायचं राहिलं होतं.

"वहिनी, तुम्ही परत का नाही दिलात?"

"काय?"

"कोट. मी उसना दिला होता. थंडी ओसरली की परत द्याल म्हणून."

आईने काठीवरून बोटं फिरवली. बोलण्यात तिला हरवलेलं कोणी पाहिलं नव्हतं. "मला वाटलं, तुम्ही मागाल," ती म्हणाली.

"आणि मला वाटलं, तुम्ही द्याल. मग तो काचेत गेला. काचेतला कोट कसा मागायचा? पहिली दोन वर्षं मी रोज दुकान उघडताना बघायचो. मग नंतर बघायचं सोडलं."

"दुसरा नाही शिवलात?" चिमणीने हळूच विचारलं.

"कशाला? आपला एक होता की."

राजाने घड्याळात पाहिलं. माणसं मनातलं बोलायला लागली की त्याला वेळ आठवायची. "हे सगळं आपण नंतर बोलू. निवांत बसू, जेवू एकत्र. आत्ता ताई तेवढा खांदा..."

"ताई," काका म्हणाले, "ते अस्तर मिटव."

"पण मघाशी तुम्हीच..."

"मघाशी मला वाटलं, हा तुमचा आहे. मिटव."

तिने सुईत दोरा ओवला. हातांना काही सांगावं लागलं नाही. तोडलेल्या जागी तिने तसेच बारीक टाके घातले. काकांच्या टाक्यांच्या शेजारी तिचे जरा मोठे दिसले, पण धरून राहतील असे. दोरा दाताने तोडला तशी काका नेहमीप्रमाणे करवादले, "कात्री कशाला असते?" आणि तिला एकदम हायसं वाटलं.

त्यांनी कोट उचलला. आधी डावी बाही, मग उजवी. चिमणी मदतीला पुढे झाली, तिला त्यांनी नजरेनेच अडवलं. पदर तिरपा आला, बटण लागलं. म्हातारपणाने ते आटले होते, त्यामुळे घेर थोडा सैल पडला. पण डावा खांदा जागच्या जागी बसला. पाठीतला फुगा गेला. झूल कोपरापर्यंत सरळ उतरली आणि तिथे थांबली. पुतळ्यावर जो बिघडलेला वाटत होता, त्या कोटात आता कुठेच काही वाकडं नव्हतं.

"काका, काय करताय तुम्ही?" राजाचा आवाज चिरकला. "तो कोट कंपनीचा आहे. त्याचा विमा उतरवलाय. तसा कागद झालाय संग्रहालयाशी!"

"मग त्यांना कागद दे. तो लाव काचेत."

"मी भिंतीवर काय लिहू? पेटीत काय ठेवू?"

"लिही काय हवं ते. पूल लिही, वारा लिही, बापाचं नाव लिही, मला काय करायचंय! पेटीत दुसरा ठेव. कुत्र्याचा ठेव, तो सगळ्यांना आवडतो."

"आई, तू सांग ना काहीतरी!"

आईने राजाकडे असं पाहिलं, जसं ती लहानपणी त्याच्या प्रगतिपुस्तकाकडे बघायची. "उसनी वस्तू परत गेली," ती म्हणाली. "एवढी वर्षं मी ठेवून घेतली, ही लाज माझी. तुझं काय मधे?"

"पण मी बाईंना काय सांगू?"

"तुझ्याकडे इतके जाहिरातवाले आहेत. एखादा पाऊस पाड, पूर आण, कोट वाहून जाऊ दे."

काका दारापर्यंत गेले. पाठमोरे. इतक्या वर्षांत कोणाला पाठ दाखवून ते खोलीबाहेर पडल्याचं ताईला आठवत नव्हतं. ते नेहमी भिंतीच्या कडेने सरकायचे. आज मधोमध चालत गेले. जिन्यावर त्यांची पावलं सावकाश उतरली, खाली दाराची घंटी वाजली, आणि कोणाचं तरी बाईमाणसाचं "या, या, तुम्ही आधी या" ऐकू आलं.

मग संग्रहालयाच्या बाई वर आल्या. हातात पांढरे हातमोजे, बगलेत मोठी चपटी पेटी, चेहऱ्यावर उत्साह. "दारात इतके रुबाबदार आजोबा भेटले!" त्या आल्या आल्याच म्हणाल्या. "मी दार धरलं तर म्हणतात, पायरी गुळगुळीत आहे, जपून. आणि काय बसला होता हो तो तिरपा त्यांच्या अंगावर! मी इतके तिरपे पाहिलेत, पण असा... जाऊ दे. कुठे शिवला ते विचारायला हवं होतं." त्यांनी उघड्या पुतळ्याकडे पाहिलं. "बरं. पहिला कोट कुठे आहे?"

राजा छताकडे बघत होता. चिमणीने आत्याकडे पाहिलं.

नाव ताईच्या जिभेवर होतं. ते सांगायलाच ती सकाळपासून निघालेली होती, त्यासाठी तिने वाक्यंही जुळवून ठेवली होती, आणि ती वाक्यं चांगली झोंबणारी होती.

"मालकाने परत नेला," ती म्हणाली.

"मालक? म्हणजे कोण?"

"ते सांगायचं की नाही, हे त्यांना विचारून यावं लागेल." तिने पिशवी उचलली. राजा तिच्याकडे बघतच राहिला. बहिणीने संधी असून तोंड आवरलं, हे त्याच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं. "तोवर आई तुम्हाला पुलाची गोष्ट सांगेल. झोपली तर हलवून उठवा."

काका फार लांब गेले नव्हते. कोपऱ्यावर सिग्नलपाशी उभे होते. वारा नव्हता, पण हवा गार होती. शेजारी उभ्या असलेल्या दोन पोरी त्यांच्या कोटाकडे बघून आपसात काहीतरी बोलत होत्या, आणि काकांनी ते ओळखलेलं होतं, कारण त्यांची मान नेहमीपेक्षा वर होती.

ताई धापा टाकत त्यांच्याजवळ पोचली.

"वजन," काका म्हणाले.

"ऐका. त्या बाई नाव विचारतायत. कोणाचा कोट, कोणी बेतला. मी सांगितलं नाही." तिने श्वास घेतला. "सांगू? तुम्ही म्हणाल तसं. नको म्हणालात तर परत कधी विषय काढणार नाही."

सिग्नल बदलला, माणसं रस्ता ओलांडू लागली, त्या पोरीही मागे वळून बघत बघत गेल्या.

"उद्या विचार," काका म्हणाले. "आज मला कोट घालू दे."

आणि ते रस्ता ओलांडायला लागले. ताई त्यांच्या डाव्या, उतरलेल्या खांद्याच्या बाजूला झाली. लहानपणी ती तिकडून चालायला लागली की ते तिला हटकून उजवीकडे घ्यायचे. आज त्यांनी घेतलं नाही.